सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना जपतात. अंगाला तेल, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला घट्ट बांधलेला रुमाल. सहाव्या आठवड्यात डॉक्टर टाके आणि रक्तदाब बघतात, मग ती माहेराहून सासरी येते, हळूहळू कामाला लागते. त्यानंतर दवाखान्याच्या फेऱ्या होतात त्या बाळाच्या लसींसाठी. थायरॉइडचा एक विकार नेमका याच काळात, कुणाचंच लक्ष नसताना डोकं वर काढतो.

गरोदरपणात पोटातल्या बाळाला परकं समजून हल्ला होऊ नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती काहीशी नमतं घेते. बाळंतपणानंतर ती पुन्हा उसळते. काही बायकांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांचं बीज आधीपासूनच असतं, आणि त्यांच्या बाबतीत या उसळीचा फटका गळ्यातल्या त्या छोट्या ग्रंथीला बसतो. ग्रंथीला सूज येते, पण ती दुखत नाही. तिच्यात साठवलेलं संप्रेरक एकदम रक्तात सांडतं.

साधारण पहिल्या ते सहाव्या महिन्यात ही सांडलवंड दिसते. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, चिडचिड, खाऊनही वजन उतरणं. घरचे म्हणतात, बाळ रात्रभर जागवतं, दुसरं काय! पुढे साठा संपतो आणि सुजलेल्या ग्रंथीला नवं संप्रेरक पुरेसं बनवता येत नाही. मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात गाडी उलट्या दिशेने जाते. थंडी सोसवत नाही, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, काही आठवत नाही, उठावंसं वाटत नाही. पुष्कळ जणींची ग्रंथी वर्षभरात आपोआप सावरते. काहींची कायमची मंदावते.

1948 मध्ये न्यूझीलंडमधल्या रॉबर्टन नावाच्या एका डॉक्टरांनी बाळंतपणानंतर गळून गेलेल्या, सतत गारठणाऱ्या, केसांचा पोत बदललेल्या बायकांविषयी लिहिलं होतं. थायरॉइडचा अर्क दिल्यावर त्यांना बरं वाटत होतं. ते निरीक्षण बरीच वर्षं बाजूला पडून राहिलं. 1982 मध्ये जपानच्या नोबुयुकी अमिनो आणि सहकाऱ्यांनी 507 बाळंतिणींची तपासणी करून त्यांतल्या 5.5 टक्क्यांमध्ये थायरॉइडचा हा तात्पुरता बिघाड दाखवून दिला, तेव्हा हा विकार दुर्मीळ नाही हे वैद्यकाला पटलं.

अशाच थकव्याआड लपणारं बाळंतपणानंतरचं नैराश्य मात्र याहून कितीतरी अधिक आढळतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 270 मातांचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के मातांना नैराश्य होतं. त्याचे धागे पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, घरातली मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांच्याशी जुळत होते. ही दुखणी रक्ताच्या तपासणीत सापडत नाहीत, म्हणून थायरॉइडचा अहवाल चांगला आला की ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून तिला घरी पाठवणं फार मोठी चूक आहे.

दोन्हींत थकवा आहे, रडू आहे, विसराळूपणा आहे. फरकाच्या खुणा तरीही सापडतात. बाळ शांत झोपलेलं असताना, वेळ असतानाही आईचा डोळा लागत नाही. आपण वाईट आई आहोत हा अपराधीभाव पाठ सोडत नाही. बाळाकडे बघून काहीच वाटत नाही. जगू नये असं मनात येतं. हे सगळं नैराश्याकडे बोट दाखवतं. पंख्याखालीही शाल लपेटावी लागणं, बद्धकोष्ठता, घोगरा आवाज या थायरॉइडच्या खुणा. पण नुसत्या खुणांवर विसंबता येत नाही, कारण एकाच बाईला दोन्ही असू शकतात. म्हणून दोन्ही गोष्टी बघायच्या: थायरॉइडसाठी रक्तातलं टीएसएच आणि फ्री टी-फोर, शिवाय नैराश्य चाचपणारी एडिनबर्ग प्रश्नावली. 1987 पासून वापरात असलेल्या या प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत आणि ती भरायला पाचेक मिनिटं लागतात.

तपासणीत एक चकवा आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळ जणींचे केस गळतात. घाबरून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात, आणि हेच बायोटिन अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीत ढवळाढवळ करून नसलेला थायरॉइडचा अतिरेक दाखवतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद हवी, आणि डॉक्टरांना तसं सांगायला हवं. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला असेल आणि नंतर दूधच आलं नसेल, तर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी एकटं टीएसएच फसवतं.

उपचारांचे रस्तेही वेगळे आहेत. धडधडीच्या टप्प्यात संप्रेरक सांडत असतं, जास्त तयार होत नसतं, त्यामुळे त्याची निर्मिती रोखणारी औषधं इथे कामाची नाहीत. गरज पडली तर हृदयाची धडधड शांत करणारी गोळी देतात. मंदावलेल्या थायरॉइडला थायरॉक्सिन लागतं. ते अंगावर पाजतानाही घेता येतं, मात्र उपाशीपोटी, आणि बाळंतिणीला दिलेल्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांच्या अंतराने. पण थायरॉक्सिन हे नैराश्यावरचं औषध नव्हे. ब्रिटनमध्ये प्रतिपिंडं असलेल्या बाळंतिणींना ते देऊन नैराश्य टळतं का, हे तपासलं गेलं, टळलं नाही. नैराश्याला समुपदेशन लागतं, काहींना त्याची औषधंही लागतात, आणि त्यांतली काही दूध पाजतानाही घेता येतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार येत असतील तर थांबायचं नाही: त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. 14416 या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा रात्रंदिवस सुरू असते.

ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत आणि ज्यांना पहिल्या वेळी हा त्रास होऊन गेला, त्यांच्यातल्या सुमारे 70 टक्के जणींना पुढच्या बाळंतपणानंतर तो पुन्हा होतो. तेव्हा पहिल्या खेपेचे अहवाल बाळाच्या लसींच्या कार्डाशेजारीच जपून ठेवावेत आणि दुसऱ्या वेळी नाव नोंदवतानाच डॉक्टरांसमोर ठेवावेत, म्हणजे सव्वा महिन्यानंतर पुन्हा रक्त कधी तपासायचं, हे आधीच ठरवता येईल.