तुरुंगात कोण असते आणि तेथे राबते कोण

तुरुंग म्हटला की उंच भिंत आणि लोखंडी दार डोळ्यांपुढे येते. भिंतीआड सारे चोर-दरोडेखोर कोंडलेले आहेत, असे आपण धरून चालतो. गावातला एखादा मुलगा आत गेला, की लोक त्या घरचे पाणीसुद्धा घेईनासे होतात. पण हिशेब मांडून पाहिला तर चित्र निराळे दिसते.

सरकार दरवर्षी कैद्यांची मोजणी करते. २०२२ सालाच्या अखेरीस आपल्या देशातील सर्व तुरुंगांत मिळून जागा होती ४ लाख ३६ हजार माणसांची. आत होते ५ लाख ७३ हजार. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांतील ४ लाख ३४ हजार कैद्यांना शिक्षा झालेलीच नव्हती. चारांतले तीन म्हणा ना! यांना 'कच्चे कैदी' म्हणतात. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा माणूस. तो गुन्हेगार ठरलेला नसतो. उद्या निर्दोषही सुटेल.

मग त्याला आत का ठेवतात? पुष्कळ वेळा कारण एकच असते. जामीन नाही. कोर्टाने जामीन दिला तरी जामीनदार उभा करावा लागतो. त्याच्याजवळ सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. समजा, बीडकडचा ऊसतोड गडी कोल्हापुराकडे कामाला गेला आणि तेथे भांडणात पकडला गेला. परक्या मुलखात त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभा राहणार? श्रीमंत माणूस चार दिवसांत घरी येतो. गरीब आतच राहतो. आमच्या मते तुरुंग भरण्याचे मोठे कारण हेच आहे.

याला कायद्याने काही वाटा काढल्या आहेत. त्या आपल्याला ठाऊक हव्यात. जामीन मिळण्याजोग्या गुन्ह्यात पकडलेल्या माणसाला आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर तो गरीब आहे असे कोर्टाने समजायचे आणि त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायचे. जातमुचलका म्हणजे 'मी तारखेला हजर राहीन' असे स्वतःच लिहून देणे. दुसरी वाट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आहे. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी शिक्षा आहे, तिच्या निम्मा काळ कच्च्या कैद्याने आत काढला, की त्याला जामिनावर सोडायचे. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा आहे. म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला एका वर्षानंतर हा हक्क मिळतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. माणसावर एकाहून अधिक खटले चालू असतील तरीही नाही.

मुदत भरली की कोर्टाला तसे लेखी कळवायचे काम तुरुंगाच्या अधीक्षकाचे आहे. म्हणजे कोणाचे किती दिवस भरले हे तेथल्या कारकुनाने पाहिले पाहिजे. येथे घोडे अडते. तुरुंगखात्यात देशभर दर दहा जागांपैकी सुमारे तीन रिकाम्या आहेत. सहा कैद्यांमागे एक शिपाई असावा, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमावलीत म्हटले आहे. प्रत्यक्षात एकेका शिपायाला कितीतरी जास्त माणसे सांभाळावी लागतात. बराकी उघडायच्या, माणसे मोजायची, भांडणे सोडवायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, मुलाखतीला आलेल्या नातेवाइकांची रांग लावायची, आणि रात्री पुन्हा पहारा. सण आला की इतरांना सुट्टी, याला पहारा. कैदी शिक्षा भोगून सुटतो, शिपाई मात्र नोकरीची सारी वर्षे त्याच भिंतीआड काढतो. थकलेला माणूस चिडतो, हात उगारतो, कधी पैशाला भुलतो. त्याचे आम्ही समर्थन करीत नाही. पण चौघांचे काम एकाच्या गळ्यात घातल्यावर दुसरे काय होणार?

आतल्या कामाचीही एक गोष्ट आहे. अनेक राज्यांच्या नियमांत कैद्यांना जात पाहून काम देत. झाडलोट आणि संडास सफाई एका जातीकडे, स्वयंपाक दुसऱ्या जातीकडे. इंग्रजांच्या वेळची ही रीत स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तर वर्षांवर चालली! सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी हे उजेडात आणले आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनेविरुद्ध ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायलाही सांगितले.

सगळेच तुरुंग भिंतीचे नसतात. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानाच्या राजांनी ती १९३९ साली सुरू केली. तेथे शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट तिच्यावरूनच सुचला. अशा जागी पहारेकरी थोडे पुरतात. मग अशा वसाहती आणखी का काढू नयेत, असे आम्हाला नेहमी वाटते.

आता आपल्या कामाचे. कोणाचा माणूस आत असेल तर दलालाच्या नादी लागू नये. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. अटकेत असलेल्या माणसाला तेथून वकील फुकट मिळतो. त्याचे उत्पन्न विचारीत नाहीत. जामीन मंजूर झाला पण भरायला पैसे नाहीत, अशा गरीब कैद्याला मदत देण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तिचीही तेथे चौकशी करावी. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. जाताना गुन्ह्याचा नंबर, पोलीस ठाण्याचे नाव आणि अटकेची तारीख कागदावर लिहून न्यावी. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तेथे लिहून घेतात. लिहिलेले वाचून दाखवायला सांगावे आणि मग खाली सही किंवा अंगठा करावा.