गाठीभोवतीची जमीन

पीक एकट्या बियाण्यावर येत नाही, त्याला जमिनीचीही साथ लागते, हे करजगीच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ साली कर्करोगाच्या प्रसारासंबंधी हाच दृष्टान्त दिला होता. तोंडाच्या कर्करोगात ही जमीन कशी पालटते, हे आता पुष्कळसे उलगडले आहे.

गालाच्या आतील नाजूक अस्तराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजनचे धागे तयार करणे हे त्यांचे काम. गाल दाताखाली चावला गेला, की त्यांतील काही जाग्या होतात, जखम आवळून धरतात आणि ती भरताच शांत होतात. परंतु कर्कपेशी रासायनिक संदेश सोडून त्यांना अखंड जागे ठेवतात. मग हेच सेवक गाठीच्या चाकरीस लागतात. ते तिच्या वाढीस चेतना देणारी द्रव्ये पुरवितात, भोवतालचे धागे ताठ करतात आणि काही ठिकाणी तेच धागे तोडून कर्कपेशींना पुढे सरकण्यास वाट करून देतात. ज्या गाठींत अशा पेशी विपुल आढळतात, त्यांचा रोग गळ्यातील ग्रंथींपर्यंत पसरण्याचा संभव अधिक असतो.

सुपारी ही जमीन आधीपासूनच बिघडवीत असते. तिच्यातील अरेकोलीन या द्रव्यामुळे फायब्रोब्लास्ट अतोनात कोलॅजन निर्माण करतात. गाल कडक होतात, तिखट सोसवत नाही, तोंड पुरते उघडत नाही. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. अशा काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो.

मग या पेशी समूळ नष्ट का करू नयेत? २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ग्रस्त उंदरांवर तसा प्रयोग झाला, तेव्हा रोग उलट अधिक बळावला. यांतील काही पेशी गाठीला बांधही घालीत असाव्यात. म्हणून त्यांना मारण्याऐवजी पूर्ववत शांत करता येईल काय, याचा शोध चालू आहे.

तोपर्यंत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच मुख्य आधार होत, आणि त्यांचे यश रोग लवकर ओळखण्यावर अवलंबून असते. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, अथवा तोंड उघडणे कमी होऊ लागले, तर वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकू नये. तंबाखू आणि सुपारी तर त्याच दिवशी सोडावी.