आवाज जपणारी पेटी



जात्यावरच्या ओव्या, सुईणींचे अनुभव, जुन्या बियाण्यांची माहिती असं कितीतरी आपण आपल्या रेडिओसाठी रेकॉर्ड करतो. गायलेल्या काही आजी आज हयात नाहीत, त्यांचा आवाज तेवढा उरला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या नीट जपल्या गेल्या, म्हणून आज आपल्याला मिळतात. आपल्याकडचे आवाज कसे जपायचे, ते आज पाहू.

हे आवाज हार्ड डिस्कवर साठवतात. चांगल्या प्रतीचं एक तासाचं रेकॉर्डिंग सुमारे ६०० एमबी जागा घेतं. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर साधारण दीड हजार तास मावतात. पण डिस्क ही वस्तू आहे. ती पडते, झिजते, आणि कधी काही न सांगता बंद पडते. म्हणून दोन किंवा चार डिस्क एकत्र बसतील अशी पेटी मिळते. दुकानात तिला ‘एन्क्लोजर’ म्हणतात. तिला स्वतःचा वीजपुरवठा असतो, बऱ्याच पेट्यांत पंखाही असतो, आणि एकाच यूएसबी वायरने ती कम्प्युटरला जोडता येते.

दोन डिस्कची पेटी अशी लावावी. एकाच मापाच्या दोन नव्या डिस्क घ्याव्यात. पेटीचा प्लग काढून ठेवावा. डिस्क कडेने धरावी, खालच्या सर्किटला हात लावू नये. पिना आतल्या बाजूला करून हलक्या हाताने सरकवावी. जोर लावावा लागला, तर ती सरळ बसलेली नाही असं समजावं.

मग मोड ठरवायचा. ‘रेड झिरो’मध्ये दोन्ही डिस्क मिळून एक मोठी होते. जागा दुप्पट दिसते, पण एक बिघडली की दोन्हींवरचं जातं. आपल्याला तो नको. ‘रेड वन’ म्हणजे आरसा. एका डिस्कवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा ४ टीबीच मिळते, पण एक बंद पडली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं.

लक्षात ठेवा, मोड ठरवताना किंवा बदलताना डिस्कवरचं सगळं पुसलं जाऊ शकतं. म्हणून आधी मोड आणि मगच रेकॉर्डिंग. कम्प्युटर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारेल. डिस्क नवी असेल तरच हो म्हणा. ज्या डिस्कवर जुने आवाज आहेत, ती पेटीत घालूच नका. ती वेगळी जोडून त्यातल्या फाइल पेटीत कॉपी करा.

लाईट जाते तिथे पेटी यूपीएसवर ठेवा. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर काढू नका. ओल आणि धूळ तिच्यापासून दूर ठेवा. डिस्कचा लाल दिवा लागला, तर माहितगाराला दाखवून ती लवकर बदला.

एवढं करूनही काम पुरं होत नाही. आरसा जे समोर आहे तेच दाखवतो. चुकून फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून जाते. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलं, तर अख्खी पेटीच जाते. म्हणून आणखी एक प्रत साध्या, वेगळ्या डिस्कवर करावी आणि ती दुसऱ्या गावातल्या गटाकडे ठेवावी. महिन्यातून एकदा ती आणून नवं रेकॉर्डिंग त्यात भरावं, दोन-चार फाइल वाजवून पाहाव्यात आणि परत पाठवावी. तारीख वहीत लिहावी. ही जबाबदारी गटातल्या दोघींनी घ्यावी, म्हणजे एक गावाला गेली तरी काम अडत नाही.

हे आपल्याला नवं नाही. चांगलं बी आपण घरात ठेवतो आणि त्यातलं मूठभर माहेरी किंवा शेजारणीला देतो. एका घरचं किडलं, तरी दुसऱ्या घरून पेरणी होते. आवाजांचंही तसंच करू या. पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा: आपली दुसरी प्रत कोणत्या गावात राहील?