‘वस्ती’ आणि ‘बस्ती’

सांगली जिल्ह्यातील दिगंबर जैन घरांत वडीलधारी माणसे सकाळी ‘बस्तीला जाऊन येतो’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना मंदिर अभिप्रेत असते. मुंबईत किंवा इंदूरला वाढलेल्या नव्या सुनेच्या कानी हे वाक्य पडले, की ती क्षणभर गोंधळते. हिंदीत बस्ती म्हणजे लोकवस्ती, आणि शहरी वृत्तपत्रांच्या भाषेत तर बहुधा झोपडपट्टी. सातारच्या गुजराती जैन घरात मंदिराला ‘देरासर’ म्हणतात. तेथील मुलांना सांगलीच्या पाहुण्यांची ‘बस्ती’ ऐकून हसू येते. या गोंधळातूनच एक संकोच वाढला आहे. जुन्या पिढीच्या तोंडी बस्ती असलेल्या वास्तूच्या नव्या फलकावर केवळ ‘दिगंबर जैन मंदिर’ एवढेच लिहिले जाते, आणि नातवंडांना बस्ती हा शब्द गावंढळ वाटू लागतो.

हा संकोच अनाठायी आहे. बस्ती हा शब्द मराठीला कन्नडकडून मिळाला आणि त्याचे कूळ थेट संस्कृत ‘वसति’शी जाऊन भिडते. शब्दारंभीच्या ‘व’चा ‘ब’ करणे ही कन्नडची जुनी रीत. वर्णाचे तेथे ‘बण्ण’ होते, वृषभाचा ‘बसव’ होतो, वनवासी नगरी ‘बनवासी’ म्हणून प्रसिद्ध होते. त्याच रीतीने वसतीची ‘बसदि’ झाली. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरील चावुंडराय बसदि, मूडबिद्रीची 1430 सालची हजार खांबांची बसदि ही त्याची ठळक उदाहरणे. कृष्णा-वारणेच्या काठी, जेथे घराघरांत अक्का, अण्णा, अप्पा ही कन्नड नाती मराठीत मिसळून गेली आहेत, तेथे बसदीची बस्ती होणे अगदी स्वाभाविक होते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने 1204 साली उभारलेली. तिच्या नावात हा शब्द आजही ताठ उभा आहे.

गुजराती बंधूंनीही हसण्यापूर्वी अबूच्या देलवाड्याचे स्मरण करावे. मंत्री विमलशहाने 1031 साली बांधलेले मंदिर ‘विमल वसही’. वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी 1230 साली बांधलेले ‘लूण वसही’. ही वसही म्हणजे वसतीचेच प्राकृत रूप. कन्नडने ‘व’ बदलला, प्राकृतने ‘त’ मऊ केला, एवढाच काय तो भेद. देरासर म्हणणाऱ्यांची सर्वांत देखणी मंदिरे आणि सांगलीकरांची बस्ती यांचे नाव एकच आहे.

मराठीने मात्र येथे एक चतुराई केली. तिच्याजवळ स्वतःची ‘वस्ती’ होतीच. वाडीवस्ती, रानातली वस्ती, रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची एसटी, हे सारे त्या शब्दाने सांभाळले. कन्नडकडून आलेली ‘बस्ती’ तिने देवाच्या घरासाठी राखून ठेवली. माणसे राहतात ती वस्ती आणि जिनबिंब विराजते ती बस्ती: एका अक्षराच्या फरकाने घर आणि मंदिर वेगळे ठेवणारी ही सोय हिंदीजवळ नाही. हिंदीच्या अर्थाला बिचकून आपला शब्द टाकून देणे म्हणजे शेजाऱ्याची वही पाहून आपल्या खतावणीतील रकम खोडण्यासारखे आहे.

राहण्याच्या जागेचे नाव मंदिराला कसे मिळाले, हा प्रश्न मात्र खरा आहे. जैन परंपरेत मुनींना स्वतःचे घर नसते. त्यांच्या मुक्कामासाठी योग्य अशा निर्दोष स्थानाला शास्त्रांत वसति किंवा वसतिका म्हटले आहे. पुढे अशा स्थानांलगत जिनालये झाली, जिनालयांलगत मुनींचे निवास झाले आणि दोहोंना एकच नाव चिकटले. ही सरमिसळ सर्वांना मान्य नव्हती. खरतरगच्छाच्या परंपरेनुसार अकराव्या शतकात अणहिलवाड पाटण येथे दुर्लभराजाच्या सभेत जिनेश्वरसूरींनी चैत्यवासी यतींशी वाद केला, तो याच मुद्द्यावर. साधूने मंदिरात राहावे की गृहस्थाने दिलेल्या वसतीत? जिनेश्वरसूरींचा पक्ष वसतिवासाचा होता, आणि परंपरा त्यांना विजयी मानते. एका शब्दाच्या अर्थावर साधुजीवनाची रीत ठरावी, इतका हा शब्द एके काळी वजनदार होता.

‘वस्’ म्हणजे राहणे, या धातूचा परिवार जैन घरात इतका पसरला आहे, की तो डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. उपवास म्हणजे जवळ राहणे. अन्न सोडणे हा त्याचा नंतरचा अर्थ. पावसाळ्यात मुनी एका ठिकाणी थांबतात तो वर्षावास. पर्युषण याच धातूला ‘परि’ जोडून झाले आहे. त्याचेही मूळ एका जागी स्थिर राहण्यात आहे. गुजराती घरांतील ‘पोसह’ हे उपवसथ या जुन्या शब्दाचे प्राकृत रूप असून, पंडितांनी त्याला पुन्हा संस्कृत पोशाख चढवून ‘पौषध’ केले. भाद्रपदात सातारचा एखादा व्यापारी दुकान बंद ठेवून पौषधाला बसतो आणि सांगलीचा अडत्या दशलक्षणात बस्तीला जातो, तेव्हा दोघेही एकाच धातूच्या छायेत असतात.

या परिवाराची एक शाखा तर युरोपात आहे. इंग्रजीत ‘होता’ या अर्थाचे ‘वॉज’ हे क्रियापद भाषाशास्त्रज्ञांच्या मते याच प्राचीन धातूचे भावंड आहे. राहणे, टिकणे हाच त्याचाही मूळ अर्थ. नगर या अर्थाचा प्राचीन ग्रीक ‘आस्तु’ हा शब्द आणि आपली ‘वास्तु’ यांचेही असेच नाते सांगितले जाते.

उलट, कानाला अगदी सख्खे वाटणारे काही शब्द या घरचे नाहीतच. पंचकर्मातील ‘बस्ती’ हा संस्कृत ‘वस्ति’, म्हणजे मूत्राशय. पूर्वी हे औषध देण्यासाठी जनावराच्या मूत्राशयाची पिशवी वापरीत, म्हणून उपचाराला ते नाव पडले. (अहिंसाप्रेमी वाचकांनी आजच्या रबरी साधनांबद्दल समाधान मानावे.) लग्नघरचा ‘बस्ता’ तर फारशी आहे. बस्तन् म्हणजे बांधणे; बांधलेले गाठोडे तो बस्ता. सातारच्या पेठेतील कापडदुकानात दोन्हीकडची मंडळी दिवसभर बसून बस्ता बांधतात, तेव्हा त्यांच्या तोंडी दुहेरी बांधणी होते, कारण बस्त्यातच ‘बांधणे’ आहे. पोलिसांचा बंदोबस्त त्याच घराण्यातला, आणि हिंदीतील शाळकरी मुलांचे दप्तर म्हणजे ‘बस्ता’ही तेथलाच. इटालियन माणूस ‘बास्ता’ म्हणतो तेव्हा त्याला ‘पुरे’ म्हणायचे असते. त्याचा ना गाठोड्याशी संबंध, ना मंदिराशी.

फलकावरून बस्ती गेली तर मंदिर कोठेही जात नाही, हे खरे. पण दक्षिणेतील शिलालेख बसदि हाच शब्द वापरतात. व्यापारी श्रेणींनी बसदीच्या पूजेसाठी, डागडुजीसाठी आणि मुनींच्या आहारासाठी आपल्या मालावर ठरवून दिलेला हिस्सा, दिलेली जमीन, तेलाचे माप, यांच्या नोंदी त्या दगडांवर आहेत. ज्या मुलाच्या घरात बस्ती हा शब्द बोलला जातो, त्याला त्या नोंदी आपल्या पूर्वजांच्या वाटतात. ज्याच्या घरातून तो गेला, त्याला त्यासाठी कोश उघडावा लागतो.

समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त श्रावकाची चार दाने सांगताना आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीला आवास सांगितला आहे. आवास, म्हणजे पुन्हा ‘वस्’. हे दान सातारा-सांगलीच्या मातीत निराळ्या रूपाने फळले. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकच्या जैन घराण्यातले, 1887 साली कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले. पुढे 1919 साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र राहण्याची सोय केली. तेथील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. 1927 साली महात्मा गांधींनी त्या जागेचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण केले. अशा जागेला मराठीत वसतिगृह म्हणतात. त्या शब्दात ‘वसति’ अजून जशीच्या तशी आहे.