पुस्तक एक, कप्पे अनेक

वसईकडच्या एखाद्या जुन्या घरात गेलात तर भिंतीतले फडताळ तुमच्या नजरेस पडेल. प्रार्थनेचे पुस्तक, उधारीची वही, मुलांची क्रमिक पुस्तके आणि खोकल्याच्या औषधाची बाटली अशी सारी मंडळी तिथे एकाच फळीवर गुण्यागोविंदाने नांदत असतात. घरातल्या आजीबाईंना विचारा. दिवे गेलेले असले तरी हवी ती वस्तू त्या बरोबर काढून देतील. कारण वस्तू मोजक्या. पण त्याच फडताळात कोणी पाचशे पुस्तके आणून कोंबली, तर?

संगणकावर बायबलचा अभ्यास करणाऱ्यांची आज नेमकी हीच स्थिती झालेली आहे. १९९२ साली अमेरिकेत 'लोगोस' नावाची एक संगणकप्रणाली निघाली. पुढे त्याच कंपनीने कॅथलिक वाचकांसाठी 'व्हर्बम' नावाने तिची बहीण काढली. त्यांत बायबलची भाषांतरे, भाष्ये, शब्दकोश, प्रवचनसंग्रह असे शेकडो ग्रंथ एका पडद्यावर उघडतात. आमच्या भागात धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे शिक्षक आता याचा उपयोग करू लागले आहेत. 'मेंढपाळ' हा शब्द शोधायला सांगितला, की पडद्यावर उत्तरांचा पाऊस पडतो. मूळ वचन कोणते, कोणा भाष्यकाराचे मत कोणते आणि कोशातली टीप कोणती, हे त्या पावसात ओळखू येत नाही. मग भाष्यकाराचे वाक्य बायबलचे म्हणून वर्गात सांगितले जाते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात!

यावर उपाय म्हणजे 'कलेक्शन', आपल्या भाषेत संग्रह. हा शब्द ऐकून घाबरू नका. छापील पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकते, ही ग्रंथपालाची जुनी अडचण. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली दशांश पद्धत काढली. तीत धर्माला २०० आणि बायबलला २२० हा आकडा आहे; मराठी साहित्याला ८९१.४६. आता फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' घ्या. राशोलला १६१६ साली, रोमन लिपीत छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य धर्मात ठेवायचे की मराठी कवितेत? ग्रंथपालाला कुठेतरी एकीकडे मन मारावे लागते. संगणकातल्या संग्रहात मात्र तोच ग्रंथ 'मराठी ओवी' या कप्प्यातही राहतो आणि 'ख्रिस्तचरित्र' या कप्प्यातही. कारण संग्रह म्हणजे पुस्तकांची नुसती यादी असते, प्रत नव्हे. यादी पुसली तरी पुस्तक जागच्या जागी राहते. हे मी मुद्दाम सांगतो. एका शिक्षकबंधूंनी मला विचारले होते, "संग्रह काढून टाकला तर विकत घेतलेली पुस्तके जातील का हो?" नाही, जात नाहीत.

संग्रह करण्याच्या रीती दोन. पहिली अगदी साधी: एकेक पुस्तक माऊसने ओढून यादीत टाकायचे. दहा-पंधरा पुस्तकांना हे पुरते. दुसरी रीत नियमाची, आणि खरी गंमत तिच्यात आहे. प्रत्येक पुस्तकाबरोबर प्रणालीने त्याची माहिती नोंदवलेली असते: नाव, लेखक, भाषा, प्रकार, विषय. 'प्रकार बायबल आणि भाषा मराठी' असा नियम लिहिला (तो इंग्रजीत टाइप करावा लागतो), की त्यात बसणारी पुस्तके आपोआप गोळा होतात. पुढे नवे पुस्तक घेतले तर तेही, तुम्ही काही न करता, येऊन बसते. नियमात न बसणारे एखादे हवे असेल तर वरून घालता येते, नको असलेले वगळता येते. शिवाय आपली खूणचिठ्ठी, म्हणजे 'टॅग', पुस्तकाला लावून त्यावरही नियम करता येतो. 'सहावी इयत्ता', 'उपवासकाळ', काय वाटेल ते. मग शोध घेताना 'सगळी पुस्तके' न म्हणता 'हा संग्रह' म्हणायचे. पाऊस ओसरतो आणि पाणी पाटाने येते.

कोणते संग्रह करावेत? भाष्ये आणि मूळ ग्रंथ हे आधी वेगळे करा. त्यानंतर आपल्याकडे विशेष जपायची गोष्ट अशी, की कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. टोबीत किंवा मक्काबी यांतले वचन ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत शोधाल तर संगणक 'नाही' म्हणेल, आणि तुम्हाला वाटेल की आपलीच आठवण चुकली. तेव्हा हे दोन गट निराळे ठेवावेत. भाषांतरांचा तिसरा संग्रह कालक्रमाने करावा. श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८११ साली निघालेला नवा करार, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ साली छापून निघालेले बायबल, आणि आमच्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल', ज्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकच वचन या तिघांशेजारी ठेवून वाचले, तर दोनशे वर्षांत मराठी गद्य कसे चालत आले ते मुलांना डोळ्यांनी दिसते. हा लाभ भाषेच्या शिक्षकाचाही आहे, मग त्याचा धर्म कोणताही असो.

मात्र हे मराठी ग्रंथ त्या प्रणालीत तयार मिळतील, असे धरून चालू नका. पुष्कळदा ते आपले आपणच घालावे लागतात. वर्डच्या फाईलमधून 'पर्सनल बुक' करण्याची सोय तिच्यात आहे. पण मजकूर युनिकोडमध्ये हवा; जुन्या छपाईच्या फॉण्टमधला किंवा नुसता फोटो काढलेला मजकूर शोधात सापडत नाही. आणि हक्क शिल्लक असलेले पुस्तक टाइप करून वाटणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या. ज्यांना बायबलशी कर्तव्य नाही, पण ज्यांच्याकडे गाथा-ज्ञानेश्वरीच्या फाईली साचल्या आहेत, त्यांना 'कॅलिबर' ही मोफत प्रणाली आहे. कोविद गोयल यांनी तिची सुरुवात २००६ साली केली. तिच्यातही खूणचिठ्ठ्या आणि नियमांचे कप्पे करता येतात.

आता माझीच एक फजिती सांगतो. घरातल्या दोन जुन्या प्रार्थनापुस्तिका मी टाइप करून संगणकात घातल्या आणि 'भाषा मराठी' या नियमाचा संग्रह केला. पुढे शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी ऐटीत सांगून मोकळा झालो, की 'सुवार्ता' हा शब्द आपल्या जुन्या पुस्तिकांत आढळत नाही, तिथे सगळीकडे 'शुभवर्तमान' आहे. मागच्या रांगेतल्या एक वृद्ध बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, आढळतो. माझ्या आईच्या पुस्तकात आहे. घरी आहे, आणून दाखवू का?" त्यांनी खरेच आणून दाखवले. ती पुस्तिका माझ्याकडचीच होती! घरी येऊन पाहतो तो काय, टाइप केलेल्या दोन्ही पुस्तिकांच्या नोंदीत भाषेच्या रकान्यात 'इंग्रजी' तसेच राहून गेले होते. त्यामुळे त्या माझ्या संग्रहात आल्याच नव्हत्या, आणि मी रिकाम्या फडताळात शोधून 'नाही' म्हणालो होतो.

तेव्हापासून नियम लिहिला की आधी मी संग्रहातली पुस्तके मोजतो, हाताशी असलेल्या यादीशी ताडून पाहतो, आणि मगच शोध घेतो. त्या बाईंच्या आईच्या प्रतीत शेवटची चार पाने जास्त आहेत. माझ्या प्रतीतली ती वाळवीने खाल्ली होती. या मे महिन्याच्या सुटीत ती टाइप करायला घेतली आहेत. भाषेचा रकाना या खेपेस आधी भरला.