शाळा सुटल्यानंतरचे दोन तास



मी आहारतज्ज्ञ नव्हे. कामगारांची मागणीपत्रके लिहिता लिहिता जे वाचले, तेवढेच माझे शिक्षण. तरी एक हिशेब आपल्यापुढे मांडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते. सातव्या वर्षी त्या मुलाचे काय? शाळा सुटते, आईबाप कामावर, घराला कुलूप आणि हातात पाच रुपये. ते कोठे जातात, हे आपणांस ठाऊक आहे.

सरकारी शाळेतील दुपारचे जेवण पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशा बेताने ठरविलेले आहे. पण दुपारपासून रात्रीपर्यंतची मजल मोठी असते.

आमच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिली चूक मीच केली. आहारावर अर्धा तास बोललो. मुलांनी माना डोलावल्या आणि वर्ग सुटताच ती तडक वड्याच्या गाडीवर गेली. भुकेल्या पोटी उपदेश पचत नाही. दुसऱ्या दिवसापासून आधी वाटीभर मोड आलेली मटकी, मग बोलणे. मटकीवर लिंबू का पिळावे, तर लिंबातील क जीवनसत्त्वाने कडधान्यातील लोह अंगी लागते. त्याबरोबर चहा का नको, तर चहा तेच लोह अडवितो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे हा प्रश्न चवीचा नाही.

कामगाराला आपण पगाराची पावती वाचावयास शिकवितो, तसे मुलाला पाकिटावरचा मजकूर वाचावयास शिकवावे. जो पदार्थ वजनाने अधिक, त्याचे नाव आधी, असा नियम आहे. शंभर मिलिलिटर गोड पेयात दहा ग्रॅम साखर, तर तीनशेच्या बाटलीत किती? उत्तर तीस ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा चमचे. ते चमचे मुलांनीच कागदावर मोजून ओतावेत. त्या ढिगापुढे माझ्या व्याख्यानाची गरज उरली नाही.

व्यायामाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. त्यास यंत्रे नकोत. लंगडी, खो-खो, लगोरी, दोरीवरच्या उड्या पुरेत. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नयेत, नाहीतर मूल व्यायामाचाच द्वेष करू लागते. आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला, ते भावंड दुसऱ्याकडे सोपवून, आधी खेळावयास उतरवावे. कारण तिला कोणी बोलावीत नाही.

आठ तासांच्या दिवसासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी झगडा केला. आज ओव्हरटाइमने ती संध्याकाळ पुन्हा गिळली आहे. म्हणून पुढल्या मागणीपत्रकात बोनसच्या खाली आणखी एक कलम असावे. मुलांसाठी एक खोली, एक पटांगण, वाटीभर कडधान्य आणि वर्ग घेणाऱ्या ताईंना मानधन नव्हे, तर वेतन. हे दान नव्हे; आईबापांनी विकलेल्या वेळेची ही उरलेली किंमत आहे.