छऱ्यांचा हिशोब

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यावर जाणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊ पट रुंद. मधोमध बसलेल्या छऱ्याला १०.९ गुण मिळतात आणि तो केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकला की गुणाचा एक दशांश जातो. इतक्या बारीक मापाच्या खेळात पंधरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी खांद्याला रायफल लावायला देणं हा वेळेचा अपव्यय आहे. आधी त्याने छऱ्यांची डबी पांढऱ्या कापडावर हलकेच ओतावी. एकेक छर्रा उचलून उजेडात फिरवावा. शिशाचा हा छर्रा पुढून सपाट, कमरेला बारीक आणि मागे पोकळ असतो. मागचा घेर इतका पातळ असतो की डबी हातातून पडली तरी चेपतो. चेपलेला घेर नळीत नीट बसत नाही, छर्रा नळीच्या तोंडातून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा तिरका ढकलला जातो. असा छर्रा बाजूला काढायचा, उरलेले मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचे, सारख्या वजनाचे एका खणात ठेवायचे आणि वहीत लॉट क्रमांक लिहायचा. माझं म्हणणं असं की नेमबाजीच्या शिक्षणात दारूगोळ्याचं हे काम, म्हणजे तो निवडणं, तयार करणं, मोजणं आणि त्याचा हिशोब देणं, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ शिकवलं पाहिजे. आणि बीड जिल्ह्यात ते शिकवण्याची निकड फार मोठी आहे.

अमेरिकेत अनेक नेमबाज आपली काडतुसं घरीच भरतात आणि आईवडील किशोरवयीन मुलांना शेजारी बसवून ते शिकवतात. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. यात पैसे वाचतात, पण मुलाच्या हाताला लागतं ते वळण जास्त मोलाचं. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते, म्हणून गप्पा बंद ठेवून, टेबलावर एका वेळी एकच दारू घेऊन, प्रत्येक पुंगळीत डोकावून काम चालतं. आपल्याकडे ही वाट नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि २१ वर्षांखालच्या व्यक्तीला प्रशिक्षणापुरती सवलत सोडली तर बंदुकीचा परवानाच मिळत नाही. हे योग्यच आहे. खेळाचंही त्यात काही बिघडत नाही, कारण ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफलमध्ये वापरतात ते पॉइंट बावीसचं काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत आतून भरलेला असतो आणि चाप ओढल्यावर ती कडच चेपते. एअर रायफलमध्ये तर पुंगळीच नाही. तेव्हा आपल्या मुलांच्या वाट्याला काडतूस भरण्याचं काम येत नसलं, तरी त्यातली शिस्त सगळीच्या सगळी येऊ शकते. छऱ्यातून येते आणि हवेतून येते.

हवेचं काम तर छऱ्याहून जोखमीचं. स्पर्धेच्या रायफलीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते. भरण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचायची, कारण दहा वर्षं उलटली की तो स्पर्धेतून बाद. जोडणीचे आटे कपड्याने पुसायचे, झडप हळू उघडायची, गेजवरचा काटा सावकाश चढू द्यायचा. घाईने भरलं की सिलिंडर तापतो, दाब पुरा झाल्यासारखा दिसतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. आणि ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. इतक्या दाबाखाली ऑक्सिजनला तेला-ग्रीसचा अंश भेटला की स्फोट होतो, आणि हे मुलाच्या तोंडून दर वेळी वदवून घ्यावं. बीडच्या उन्हाळ्याचीही भर आहे. पंचवीस अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या बंद गाडीत साठ अंशांवर गेला तर आतला दाब २२० च्या वर जातो. मुलाला हा हिशोब वहीत मांडायला लावला तर वायूचा नियम त्याला परीक्षेपुरता राहणार नाही. वीज गेली की कॉम्प्रेसर बंद आणि हातपंप सुरू. त्यावर घाम गाळून भरलेली हवा कोणी उगाच फुसकन सोडत नाही.

यावर जाणकारांचाच एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. नवशिक्याचा हात लक्ष्यावर कित्येक मिलिमीटर हलतो; तिथे दोन-तीन मिलिग्रॅमच्या फरकाने काय होणार? वरच्या पातळीवरचे नेमबाजसुद्धा एकेक छर्रा तोलण्यापेक्षा रायफल शिकंज्यात बांधून निरनिराळे लॉट झाडून पाहतात आणि सगळ्यात घट्ट ग्रुप देणाऱ्या लॉटच्या डब्या घेऊन ठेवतात. सगळं खरं. तोलल्यामुळे नवशिक्याचे गुण वाढतील असा माझा दावाच नाही. दावा कारणं वेगळी करण्याचा आहे. शॉट आठवर गेला तर तीनच ठिकाणी शोध घ्यावा लागतो: छर्रा, हवा किंवा आपण. पहिल्या दोन गोष्टी मुलाने स्वतःच्या हाताने तपासलेल्या असल्या की दोष ढकलायला जागा उरत नाही. चाप झटक्याने ओढला गेला, श्वास लांबला, लक्ष सुटलं, हे त्याला वहीत आपल्याच अक्षरात लिहावं लागतं. साठ शॉट आणि पंचाहत्तर मिनिटं अशा स्पर्धेत वाईट शॉटनंतर पुढच्या शॉटपर्यंत सावरणं हेच मोठं कसब असतं. ज्याला कारण कळतं तो सावरतो. ज्याला कळत नाही तो रायफलकडे संशयाने बघत आणखी तीन शॉट घालवतो.

आता बीडचं. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याचं साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं, कमरेला पिस्तूल लावलेल्या आणि हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती फिरल्या आणि प्रशासनाला परवाने रद्द करायला घ्यावे लागले. देशमुखांचा जीव अमानुष मारहाणीत गेला, गोळीने नाही. तरीही बंदुकीची चर्चा पेटली, कारण धाक बसवण्याचं साधन म्हणून ती लोकांच्या डोळ्यांसमोर आधीपासून होती. मोबाईलवर अशी चित्रफीत पाहणाऱ्या मुलापर्यंत त्या बंदुकीचा फक्त आवाज आणि रुबाब पोचतो. हवेत झाडलेली गोळी पुढे कुठे पडली हे चित्रफितीत कधीच नसतं. पॉइंट बावीससारखी छोटी गोळीसुद्धा दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने असा आनंदाचा गोळीबार कोणाच्या जिवाला धोका होईल असा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कायदा गोळी सुटल्यावर येतो. मुलाच्या मनात 'ही गोळी कुठे जाईल' हा प्रश्न त्याआधी उभा करायचा तर तो रेंजवर उभा करावा लागतो. तिथे प्रत्येक शॉटची लक्ष्यावर जागा असते, गुण असतो आणि वहीत ओळ असते. एनसीसीच्या फायरिंगमध्ये जितक्या गोळ्या दिल्या तितक्या रिकाम्या पुंगळ्या जमा करून घेतात. हीच पद्धत छऱ्यांनाही लावावी: मोजून घेतले, इतके झाडले, इतके बाद काढले, इतके उरले, आणि बेरीज जमल्याशिवाय कुलूप लागत नाही.

'आधीच बंदुकांनी पोळलेल्या जिल्ह्यात पोरांच्या हातात आणखी बंदुका कशाला?' असं विचारणाऱ्या आईबापांना उडवून लावू नये. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. पण गावठी कट्ट्याला नेम लागत नाही. तो दोन हातांच्या अंतरावरून धमकावायला वापरतात, आणि त्यासाठी श्वास, तोल आणि चापाचा वर्षभर सराव कोणी करत नाही. रेंजवरचं कसब गुंडगिरीच्या कामाचं नाही. तरीही अटी कडक हव्यात. रायफल कधीच घरी जाणार नाही. नळीत सुरक्षेची दोरी घातल्याशिवाय ती कोणी उचलणार नाही. रायफलीसोबत रील टाकणाऱ्याचा त्या वर्षाचा सराव संपला. एअर रायफलला परवाना लागत नाही म्हणून तिला खेळणं समजणंही चूक आहे, तिचा छर्रा डोळा फोडतो. आणि शिसं विष आहे. लहान वयात त्याची कुठलीच मात्रा निर्धोक नसते. छर्रा दातांत धरायचा नाही, रेंजवर जेवणाचा डबा उघडायचा नाही, फरशी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि निघताना साबणाने हात धुवायचे.

राहिला पैशाचा प्रश्न. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, चांगले छर्रे जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातून येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल हा खेळ कसा खेळणार? स्वतःच्या पैशाने खेळूच शकणार नाही, हे मान्य करून पुढे जावं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेला धावायला रस्ता होता. नेमबाजाला रस्त्याबरोबर सामानही लागतं. पण १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, आणि तो घडला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून. शालेय स्पर्धांत ओपन साइट एअर रायफलचा गट आहे, त्यासाठी देशी बनावटीची साधी रायफल चालते, आणि एका रायफलीवर पाळीपाळीने पुष्कळ मुलं शिकू शकतात. रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर करायच्या ड्राय सरावाला छर्राही लागत नाही. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यांकडे निघाल्यावर हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींसाठी तर हा सराव संध्याकाळच्या वेळात बसू शकतो. ज्या मुलाला सोबत जावंच लागतं त्याची वही रेंजवर राहते. उन्हाळ्यात परतल्यावर शेवटच्या पानावर त्याचा लॉट, त्याच्या साइटचे क्लिक आणि शेवटच्या दहा शॉटचे गुण त्याच्याच अक्षरात असतात, आणि तिथून पुढे सुरू करता येतं. जिल्ह्याला खरेदीला सुरुवात करायची असेल तर प्रत्येक तालुक्यात पहिल्यांदा काटा, गेज, रजिस्टर आणि कुलपाचं कपाट घ्यावं. या चार गोष्टी शाळेतल्या शिक्षकाला सांभाळता आल्या की मग रायफलची मागणी करावी.